शालनची ओवाळणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, स्टाफरूममधल्या मित्रांना तर नाहीच. आता तुम्हाला सांगायला बसलोय आणि तेवढ्यात दोनदा उठून पाणी पिऊन आलोय — यावरून काय ते ओळखा.

मी तिसगावला हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. पण गाव मला ओळखतं ते 'शेअरवाले सर' म्हणून. मधल्या सुट्टीत मी मोबाईल उघडला की भोवती चार शिक्षक जमायचे — सर, हा घेऊ का, तो काढू का? मला ते आवडायचं. फार आवडायचं. उगाच खोटं कशाला बोलू? खोटं बोलायचं ते बोलून झालंय.

माझी धाकटी बहीण शालन देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दाजी टेम्पो चालवतात, घरी चार गायी. तिची मुलगी वर्षा, तिला नर्सिंगला जायचं होतं. त्यासाठी शालन दुधाच्या पैशातून थोडं थोडं पोस्टात टाकत होती. एका भाऊबिजेला मी तिला म्हणालो, पोस्टात ठेवून म्हातारी होशील तू. बाहेर रस्त्यावर कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. ती मी बोटानं दाखवली. एवढा ऊस, एवढी साखर, वर आता इथेनॉल — साखरेच्या कंपन्यांचे शेअर पडतील कसे? गणिताच्या मास्तरचं हे गणित! दाजी एवढंच म्हणाले, "पाव्हनं, ऊस गोड लागला म्हनून मुळासकट खाऊ न्हाई." मी हसलो. शालननं पोस्टातलं सगळं काढून आणलं. खातं तिच्या नावावर, तिच्याच मोबाईलमध्ये. पण कधी घ्यायचं, कधी काढायचं, ते मी सांगायचो. मीही तेच शेअर घेतले होते, तिच्यापेक्षा बरेच जास्त.

वर्षभर बरं चाललं. मग बाजार पडायला लागला. एका दिवसात कोसळला असता तरी बरं होतं — हा रोज थोडा थोडा खाली. मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो, धीर धरा, विकत नाही तोवर तोटा कागदावरच असतो. आणि मी स्वतः? वर्गात फळ्यावर गणित मांडून पुढची पायरी विसरायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान — पुढचं तुम्हाला पाठच असेल.

कसं सांगू? एकदाचं सांगूनच टाकतो.

एका मंगळवारी सकाळी आंघोळ करून आलो, टॉवेलवरच मोबाईल हातात घेतला आणि बाजार उघडताक्षणी माझे सगळे शेअर विकून टाकले. एक ठेवला नाही. तोटा झाला, पण सोसण्यासारखा. छातीवरचं ओझं उतरलं. सदऱ्याची बटणं लावत होतो तेवढ्यात शालनचा फोन आला.

"दादा, लई खाली चाललंय रे. इकू का ठिवू?"

एका शब्दाचं काम होतं. 'विक' म्हणायचं. मी स्वतः दहा मिनिटांपूर्वी तेच केलं होतं ना? पण मग ती म्हणाली असती, भ्यालास का दादा? स्टाफरूमला कळलं असतं, गावाला कळलं असतं, की शेअरवाले सर शेपूट घालून पळाले. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, आणि मी म्हणालो —

"ठेव. मी तरी कुठं विकलेत?"

ती म्हणाली, मग ठिवते. आवाजातली भीती गेली होती तिच्या. तो सुटलेला श्वास मला फोनवर ऐकू आला, अजून येतो.

माणूस घाबरतो, एकदा चुकतो. पण ती पुढेही दर चार-आठ दिवसांनी विचारत राहिली. प्रत्येक वेळी तिचे निम्मे-अर्धे तरी वाचवता आले असते. प्रत्येक वेळी मी 'ठेव' म्हणालो. 'विक' म्हणालो असतो तर तिनं विचारलं असतं, तू कधी विकलेस? त्या एका प्रश्नाला मी इतका भ्यालो की तिची सगळी पुंजी समोर बुडू दिली. याला काय म्हणतात? मी बरेच शब्द लावून पाहिले, सौम्य एकही बसत नाही.

फीची तारीख आली तेव्हा तिनं विकले. निम्मेही हातात आले नाहीत.

तुम्ही म्हणाल, तुझे पैसे तर वाचले होते, तू भरायची होतीस फी. भरता आली असती. बँकेत पडून होते. पण पैसे आणले कुठून म्हणून सांगणार होतो? माझेही बुडालेत, असं मीच सांगितलं होतं ना? एक खोटं झाकायला मी भाचीचं कॉलेज वापरलं. वर्षा नर्सिंगला गेली नाही. राहुरीत एका मेडिकलच्या काउंटरला उभी राहते, गोळ्यांची पाकिटं मोजून देते. मी गेलो की विचारते, मामा, शुगरची गोळी वेळेवर घेता ना?

त्या वर्षी भाऊबिजेला गेलो. जायचं नव्हतं, पण न जायला कारण सापडेना. शालननं ओवाळलं, मी तबकात पाचशेची नोट ठेवली. तिनं ती उचलली, कडेला लागलेलं कुंकू पदरानं पुसलं आणि माझ्याच खिशात परत घातली.

"यंदा नगं, दादा. तुजं तर माझ्यापरीस लई गेलंय. मला दिसत न्हाई व्हय?"

दाजी मान खाली घालून बसले होते. वर्षा चहाचा कप धरून दारात उभी होती. त्या घडीला तरी बोलायचं होतं. मी खिशावर हात ठेवला, नोट तिथंच राहू दिली, आणि तिनं वाढलेलं सगळं जेवलो. करंजी दुसऱ्यांदा मागून घेतली.

परत येताना राहुरीच्या पंपावर गाडी थांबवली आणि त्याच नोटेचं पेट्रोल टाकलं.