रोज येणारे जोडलेले हात

मी हुपरीच्या एका हायस्कुलात गणित शिकवते. कोल्हापुरातून एसटीनं जा-ये. गेल्या वर्षी आमच्या मुख्याध्यापकांनी फर्मान काढलं, की जी मुलं घरी पैंजणाच्या कामाला बसतात त्यांना धडा मोबाईलवर पाठवायचा. ज्याच्याकडून उत्तर येईल, त्याच्यापुढं तक्त्यात ‘शिकला’ अशी खूण. म्हटलं, चला, काहीतरी तर होतंय! हौसेनं व्हिडिओ करायला लागले.

दहावीतली एक पोरगी दिवाळीनंतर शाळेत यायची थांबली होती. भूमितीत अशी तल्लख, की फळ्यावर माझीच चूक काढायची. तिला डिप्लोमाला जायचं होतं. तिच्या घरच्या नंबरवर मी रोज एक प्रमेय पाठवायची आणि दोन मिनिटांत जोडलेले हात यायचे. समजलं का, विचारलं तरी हात. सोडवून पाठव म्हटलं तरी हातच! तेव्हाच डोकं चालवायला काय झालं होतं मला? पण तक्ता भरत होता, वरून शाबासकी येत होती. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातली गत.

सराव परीक्षेलाही ती आली नाही, तेव्हा घर शोधत गेले. आई पैंजणाला घुंगरं लावत होती. शेजारी पोरगी मान खाली घालून पैंजणाच्या सांध्यांना डाग देत होती. मोबाईल देवाच्या फळीवर.

“बाई, तुमचा मेसेज आला की मी लगेच हात जोडतो की,” आई कौतुकानं म्हणाली. “मला वाचाय कुठं येतंय? पण शिकवणाऱ्या माणसाला उत्तर द्यायचं न्हाय, हे बरं दिसतंय व्हय?”

मी पोरीला विचारलं, “एक तरी व्हिडिओ बघितलास?”

“कसला व्हिडिओ?” मग डाग देता देताच म्हणाली, “आता ऱ्हाऊ दे बाई. काय बी आठवंना झालंय.”

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, “तक्ता वर गेलाय, आता खोडाखोड नको.”

बोर्डाच्या परीक्षेत तिचा बाक रिकामाच राहिला. शाळेला मात्र मोबाईलवरच्या शिकवण्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. मुख्याध्यापकांनी सांगितलं म्हणून मीच त्याचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. पहिलं उत्तर तिच्या घरून आलं. जोडलेले हात.