चाचांच्या नाण्यावरचा तडा

भिंगारच्या चाचांचा तो तक्रारी अर्ज मी अजून विसरलेलो नाही. पोलीस ठाण्यातली सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. सत्तरीचे चाचा माझ्यासमोर बसले, पत्र्याची डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, माझं नाणं चोरीला गेलंय."

त्यांनीच डबी उघडून दाखवली. आत कागदी पाकिटात नाणं होतं, दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेचा चांदीचा अर्धा डॉलर.

"मग हे काय आहे?"

"हे दुसरं. साल तेच आहे, पण हे माझं नाही."

माझे हवालदार खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. नाणं जागेवर आणि चोरीची तक्रार, हा प्रकार मलाही नवाच होता. चाचांनी शांतपणे भिंग माझ्या हातात दिलं. त्यांनी जन्मभर पितळी शिक्के कोरून पोट भरलेलं.

"त्या जमान्यात नाणं पाडायचा ठसा हातानं बनवायचे," ते म्हणाले. "एकेक चांदणी, एकेक आकडा वेगळा ठोकायचा. म्हणून साल एक असलं तरी दोन ठसे सारखे येत नाहीत. माझ्या नाण्याचा ठसा तडकलेला होता. शेवटच्या चांदणीपासून काठापर्यंत केसाएवढी रेघ उठलीय. ह्याच्यावर ती कुठंय?"

रेघ नव्हती. मी विचारलं, "संशय कुणावर?"

चाचांनी डबी स्वतःकडं ओढून घेतली. मग त्यांनी पारनेरकडच्या एका शेतकऱ्याचं नाव सांगितलं. त्यांना आपण आबा म्हणू. दोघांना एकच नाद. तीस वर्षं आबा दर रविवारी एसटीनं चाचांकडं यायचे. त्यांच्याकडेही त्याच सालचं नाणं होतं. दोन्ही शेजारी ठेवून दोघं भिंगातून बघत बसायचे.

"पण त्याला बोलावू नका," चाचा म्हणाले.

"मग अर्ज कशाला दिलात?"

"त्यानं घेतलं नाही, एवढंच शोधून द्या."

मी गुन्हा दाखल केला नाही, अर्ज चौकशीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी नगरच्या सराफ बाजारातून माझ्या जुन्या खबऱ्याचा फोन आला. पारनेरकडचा एक म्हातारा अमेरिकेचं नाणं घेऊन दुकानोदुकानी फिरतोय, म्हणाला. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मी आबांना बोलावून घेतलं.

तासभर प्रश्न विचारले. आबा जमिनीकडं बघत एकच सांगत होते, "म्या चोरी केली न्हाई, साहेब." माझा अनुभव असा की सराईत चोर डोळ्याला डोळा भिडवून बोलतो. हा माणूस घाबरलेला नव्हता, अवघडलेला होता. शेवटी मी खिसे रिकामे करायला सांगितले. बंडीच्या आतल्या खिशातून रुमाल निघाला, रुमालात नाणं. भिंगाखाली शेवटच्या चांदणीजवळची ती रेघ स्पष्ट दिसली. नाण्याभोवती एक चिठ्ठी गुंडाळलेली होती. तीवर लिहिलं होतं, 'चाचांचं'.

"आबा, चोरलेल्या मालावर मालकाचं नाव कोण लिहितं?"

आबांनी सुस्कारा सोडला. "उन्हाळ्यात चाचांनीच पाकिटात भरताना अदलाबदल केली. मला घरी गेल्यावर कळलं. त्यांना दिसंना झालं हुतं. आता शिक्के कोरनाऱ्या मानसाला तुमचे डोळे गेले, असं कसं सांगायचं? म्हनलं, गुपचूप बदलून ठिवीन. पन डबी ते हातातनं सोडत न्हाईत."

"आणि सराफ बाजारात?"

"माझीच चूक हुत नसंल ना, म्हनून दोघातिघांना भिंगातनं बघायला लावलं."

मधल्या काळात चाचांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर त्यांनी सगळ्यात आधी डबी उघडली, आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

चाचांना बोलावलं. आबांसमोर मीच सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग तीस वर्षांत कुणाच्या हाती न दिलेली ती डबी त्यांनी आबांपुढं सरकवली.

"तूच भर आता," ते म्हणाले. "आणि नीट बघून भर."

आबा हसले आणि त्यांनी त्याच रुमालानं डोळे पुसले. न सांगता हवालदारांनी चहा मागवला. 'गैरसमजातून तक्रार' असा शेरा मारून मी अर्ज निकाली काढला.

माणूस काही लपवतो म्हणजे त्याच्या मनात काळंबेरं असतं, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. आबांनी माझी ती समजूत मोडली. आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सकाळच्या आणि संध्याकाळच्या गोळ्या मी डबीत उलटसुलट भरतो. मी आंघोळीला गेलो की आमची सौ. गोळ्या हळूच नीट लावून ठेवते. मला हे ठाऊक आहे. चौकशी मात्र मी लावलेली नाही.