ताईंच्या मेलमधलं शेवटचं वाक्य

शेठ पहिल्यांदा आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात आले ते डाळिंबांची पेटी घेऊन. तक्रार सांगण्याआधी त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "आधी फळ खावा मॅडम. मग माझं ऐका."

आमच्याकडे येणारी माणसं सहसा चिडलेली असतात. कुणाचा माणूस नोकरी सोडताना गिऱ्हाइकांची सगळी माहिती पेनड्राइव्हवर घेऊन गेलेला असतो, कुणाची डिझाइनं दुसऱ्याच्या कारखान्यात पोचलेली असतात. अशा कंपन्यांचे कॉम्प्युटर तपासायचे आणि कुणी काय उघडलं, काय पाठवलं, काय पुसलं हे पुराव्यानिशी सांगायचं, हे माझं काम. पुसलेलं बऱ्याचदा नीट पुसलेलं नसतं, त्यावर आमचं पोट चालतं. शेठ मात्र चिडलेले नव्हते. घरात कुणी आजारी असावं तसा त्यांचा चेहरा होता.

शेठ मूळचे साताऱ्याकडचे. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी होते. शेठनी तिथेच आधी दुसऱ्याच्या गाळ्यावर काम केलं, मग स्वतःचा गाळा घेतला, आणि आता त्यांची डाळिंबं, द्राक्षं, आंबे आखातात जायचे. गाळ्याच्या वर छोटंसं ऑफिस. तिथे शेठ, त्यांचे जावई आणि ताई एवढीच कायमची माणसं. ताई बोनकोड्याच्या, गावातल्याच आगरी घरातल्या. शेठकडे एक टेबल आणि एक टेलिफोन होता तेव्हापासून त्या होत्या. परदेशी व्यापाऱ्यांशी सगळा पत्रव्यवहार त्यांचा. पुढे मेल आली, तीही त्यांनी आपली आपण शिकून घेतली.

झालं होतं ते असं. आखातातल्या एका जुन्या व्यापाऱ्याने मालाचे पैसे पाठवले, पण ते शेठच्या खात्यात आलेच नाहीत. फोन केला तर तो म्हणाला, तुमच्याच ऑफिसातून मेल आली की आमचं बँक खातं बदललंय, म्हणून नव्या खात्यात भरले. ती मेल ताईंच्या खात्यातून गेली होती. शेठनी तिची प्रिंट माझ्यासमोर ठेवली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं.

ताईंची एक सवय होती. मेल कितीही कोरडी असली तरी शेवटी त्या इंग्रजीत एक वाक्य लिहायच्या. फळ तुमच्या दारी गोड पोचो, अशा अर्थाचं. दुसऱ्या कुणाच्या मेलमध्ये ते नसायचं. या मेलमध्ये ते होतं.

"ह्ये वाक्य तिचंच हाय बगा," शेठ म्हणाले. "जावयांनी तिला इचारलं, तुमीच पाठवली का म्हून. न्हाई म्हनली. कपाटाच्या चाव्या टेबलावर ठेवल्या आन् गेली. तवापासून आली न्हाई."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

ते बराच वेळ पेटीवरचा कागद सारखा करत बसले. मग म्हणाले, "मला काय वाटतं त्ये सोडा. तुमी शोधा. पन तीच निघाली, तर मला एकट्याला सांगा. जावयांच्या म्होरं नको."

दुसऱ्या दिवशी मी तुर्भ्याला गेले. आमच्या कामात सगळ्यात आधी हार्डडिस्कची हुबेहूब प्रत काढतात. मूळ डिस्क सील होते आणि तपास प्रतीवर चालतो, म्हणजे मूळ पुराव्याला आमचा हात लागत नाही. खाली पेट्या आपटल्याचे आवाज, हातगाड्यांची घाई, आणि वर मी ताईंच्या खुर्चीत बसून स्क्रीनवर प्रत किती झाली ते दाखवणारी पट्टी पुढे सरकताना बघत होते.

एखाद्याला भेटायच्या आधी त्याचा कॉम्प्युटर बघणं हा विचित्र अनुभव असतो. माणूस कसा आहे ते चेहरा दिसायच्या आधीच कळतं. ताईंच्या कॉम्प्युटरवर बोटीच्या वेळापत्रकांशेजारी 'शेठ गोळ्या' नावाची फाइल होती. शेठना कुठली गोळी केव्हा द्यायची, त्याची. हमालांच्या मुलांचे कॉलेजचे अर्ज भरून दिलेले होते. आणि 'धवला' नावाचं एक फोल्डर होतं, त्यात आवाजाच्या फायली. 'मावशी हळद', 'मावशी मांडव', अशी नावं. त्यांचा आमच्या तपासाशी संबंध नव्हता, म्हणून मी त्या उघडल्या नाहीत. पण इतकं दिसल्यावर माझं मन कुठल्या बाजूला झुकलं होतं ते मला कळत होतं. आमच्या धंद्यात ते बरं नसतं. गोड माणसंही चोऱ्या करतात, हे मी पुष्कळदा पाहिलेलं आहे. मी मुकाट्याने मेलच्या सेटिंगमध्ये गेले.

तिथे एक छोटा नियम लावून ठेवलेला सापडला. पैशांबद्दलची कुठलीही मेल आली की तिची एक प्रत गुपचूप बाहेरच्या एका पत्त्यावर जायची. आणि आखातातल्या त्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं की ते कुणी कधी उघडत नाही अशा फोल्डरमध्ये जाऊन पडायचं. म्हणजे कुणीतरी बरेच आठवडे ताईंच्या मागे उभं राहून त्यांच्या मेल वाचत होतं. पण हा नियम ताईंनी स्वतः लावला नाही कशावरून? ते अजून ठरायचं होतं. त्यासाठी त्यांना भेटायला हवं होतं.

बोनकोडं कोपरखैरण्याच्या इमारतींच्या मधोमध आहे. रस्ता सोडून गल्लीत वळलं की घरं एकमेकांना खेटून उभी. दार ताईंनीच उघडलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, केसांत अबोलीचा गजरा. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसल्या.

"मना येकच सांगा. माझा कॉम्प्युटर उघडला काय तुमी?"

"हो. त्याची प्रत काढली."

"म्हंजे सगलं बघितलं."

"सगळं नाही. मेल बघितल्या. धवल्याचं फोल्डर दिसलं, ते उघडलं नाही."

त्या म्हणाल्या, "उघडलं असतं तरी चाललं असतं. माझी मावशी हाय ती. धवलारीन. आमच्यान धवले गाऊन लग्नं लावनारी. आता म्हातारी झाली, आवाज गेला तिचा. म्हनून आधीच भरून ठेवला." आणि त्यांनी आपल्या मोबाइलवर हळदीचा धवला लावला. कापरा, उंच, ठाम आवाज. मला अर्धे शब्द कळले नाहीत. तरी तो संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत बसलो. आळ आल्यापासून त्यांच्याशी बरोबर वागलेलं कुणी त्यांना भेटलं नसावं, असं मला वाटून गेलं.

मग मी कामाचं विचारलं. पासवर्ड कुणाला दिला होता का?

"नाय. कोनाला नाय." मग थांबून म्हणाल्या, "गौरीच्या टायमाला मी रजेवर होते. कसला तरी कंटेनर अडकला म्हनून शेठनी फोन करून मागितला. त्यांना सांगितला. पन शेठ काय परके?" आणि लगेच, घाईने, "त्यांच्या लॅपटॉपला हात नका लावू हां मॅडम. उगाच टेन्शन घेतील. बीपी हाय त्यांना."

चोरीचा आळ आलेली बाई आळ घेणाऱ्याच्या बीपीची काळजी करत होती.

शेठच्या लॅपटॉपचा विषय काढला तेव्हा जावई म्हणाले, "पप्पांचा कशाला? त्यांना तर मेल धड उघडता येत नाही." मी म्हटलं, ऑफिसातली सगळी यंत्रं तपासल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. शेठनी लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला.

त्यात सगळं होतं. गौरीच्या सुट्टीत, दुपारी, शेठनी ताईंचं खातं उघडलं होतं. कंटेनरचे कागद शोधताना त्यांना एक मेल दिसली. शिपिंग कंपनीची वाटावी अशी. कागद बघायचे असतील तर पुन्हा लॉगिन करा, म्हणत होती. त्यांनी लिंकवर क्लिक केलं. उघडलेलं पान हुबेहूब नेहमीच्या मेलच्या पानासारखं होतं, पत्त्यात फक्त एक अक्षर वेगळं. शेठनी तिथे ताईंचा पासवर्ड टाकला. मेल कंपनीकडच्या नोंदी सांगत होत्या की त्यानंतर थोड्याच वेळात परदेशातून कुणीतरी ताईंच्या खात्यात शिरलं, आणि तो गुपचूप नियम लागला. त्या सबंध सुट्टीत ताईंचा कॉम्प्युटर बंद होता, त्याची नोंद त्याच्याच पोटात होती. पुढे खोटी मेल गेली तीही परदेशातूनच. आणि चोराने इतके आठवडे वाचल्यामुळे ताई कशा लिहितात हे त्याला पाठ झालं होतं. ते शेवटचं वाक्य त्याने उचललं होतं.

हे मी शेठना एकट्याला सांगितलं. गाळ्यामागच्या अरुंद जागेत, रिकाम्या क्रेटवर बसून. कागदावर चित्र काढून दाखवलं. त्यांनी दोनदा विचारून नीट समजून घेतलं.

"म्हंजे दार म्या उघडलं."

"तुम्ही फसलात शेठ. भले भले फसतात. हे लोक त्याचाच धंदा करतात."

"व्हय. पन तिच्या जागी म्या फसलो, आन् आळ तिच्यावर घेतला." त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. "रिपोर्टात लिवनार का माझं?"

"लिहावं लागेल."

"लिवा. आन् तिचंबी लिवा."

रिपोर्टमध्ये मी आमच्या पद्धतीने लिहिलं होतं की, संबंधित कर्मचाऱ्याविरुद्ध पुरावा आढळला नाही. मी ते मराठीत सांगितलं, तर शेठना ते वाक्य अजिबात पसंत पडलं नाही. "आढळला न्हाई म्हंजे काय? ऐकनाऱ्याला वाटतं, केलं आसंल पन गावलं न्हाई. तसं नको." त्यांचं बरोबर होतं. मी ते वाक्य बदललं. खोटी मेल परदेशातून गेली, नियमही परदेशातून लागला, आणि नियम लागला तेव्हा ताईंचा कॉम्प्युटर बंद होता, असं सरळ लिहिलं. तेव्हापासून मी सगळ्याच रिपोर्टांत ते वाक्य जपून वापरते.

बोनकोड्याला शेठ मला सोबत घेऊन गेले. त्यांना इंग्रजी रिपोर्ट समजावून सांगता येणार नव्हता, असं त्यांचं म्हणणं. खरं तर रिपोर्ट कुणी उघडलाच नाही. ताईंनी दार उघडलं, शेठ उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"ताई, त्ये माझ्याकडनं झालं. माझ्या हातनं पासवर्ड गेला."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"झालं ते झालं," ताई म्हणाल्या. "कोनाचा पन जाईल. पन शेठ, मना जावईबापूंनी इचारलं. तुमी बाजूलाच होता. तुमी खाली बघत होता. तुमी इचारायला पायजे होतं."

शेठनी आता वर बघितलं. मग म्हणाले, "मला भ्या वाटलं. तुमी हो म्हनला आसता तर काय करायचं, म्हून."

ताईंचा चेहरा हळूहळू बदलला. त्या वळल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, "उन्हात का उभे? आत या. जेवून जा दोघं."

आम्ही जमिनीवर बसून जेवलो. तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. शेठना काट्यांची सवय नाही, ते फार जपून खात होते. ताईंनी त्यांच्या ताटातला बोंबील घेतला, मधला काटा सबंध ओढून काढला आणि परत ठेवला. कंटेनरबद्दल, आंब्याच्या बुकिंगबद्दल बोलणं सुरू झालं. मला मध्ये बोलायला जागाच उरली नाही.

ताई पुढच्या सोमवारी कामावर आल्या. चाव्या टेबलावर होत्या तिथेच होत्या. जावईही त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी हळू बोलले. काय ते मी विचारलं नाही.

चोर मात्र सापडला नाही. बँकेने आणि सायबर पोलिसांनी थोडे पैसे वाटेत अडवले, बाकीचे गेले. त्या आखातातल्या व्यापाऱ्याने आणि शेठनी ते नुकसान आपसांत वाटून घेतलं आणि व्यवहार चालू ठेवला. नवा पासवर्ड ताईंनी मला बाजूला तोंड करायला लावून टाकला. आता लॉगिनचा कोड त्यांच्याच मोबाइलवर येतो. शेठनी एकदा गमतीने मागितला, तर म्हणाल्या, "नाय. पगार कापा पायजे तर."

फळ गोड पोचो, हे त्यांनी मेलमध्ये लिहिणं बंद केलं. आधी मला त्याचं वाईट वाटलं. मग कळलं, माल निघाला की आता ताई आखातातल्या त्या व्यापाऱ्याला फोन करतात आणि तेच वाक्य तोंडाने सांगतात. तो मूळचा केरळचा माणूस, यांचं हिंदी आगरी, त्याचं मल्याळी. तरी दोघं भरपूर बोलतात.

मध्यंतरी आमच्या कंपनीने बँक बदलली. सगळ्या गिऱ्हाइकांना मेल गेली, शेठच्या ऑफिसलाही. बाकी कुणीच काही विचारलं नाही. ताईंचा मला मोबाइलवर फोन आला.

"मॅडम, खातं बदललं अशी मेल हाय. तुमचीच काय?"

"हो ताई, आमचीच."

"बरं. आता ठेवा. मी तुमच्या ऑफिसच्या नंबरवर करते."

मी फोन ठेवला आणि बाहेरच्या खोलीत गेले. तिथला फोन वाजला. रिसेप्शनवरच्या मुलीने उचलला. तिला आमच्या कंपनीचं नाव विचारलं गेलं, पत्ता विचारला गेला, मग मला बोलवायला सांगितलं गेलं. मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"हां, तुमीच हाय," ताई म्हणाल्या. "आता बोला. कशा हाय तुमी?"