संध्याकाळचं दळण

आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्यांना सगळे भोंगाकाका म्हणतात. जन्मभर मोटरीच्या वरताण बोलल्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. त्यांनी कुणाच्या कानात गुपित सांगितलं, की समोरच्या शिंप्याला ते कळतं, आणि तो वर सल्लाही देतो.

पूर्वी गिरणी संध्याकाळी चाले. काकू टपाल कचेरीतून सुटल्या की मागच्या घरात न शिरता, पर्स गिरणीतल्या खिळ्याला अडकवून तराजूपाशी बसत. त्या घरघरीत काकांशी बोलायचं तर उठून थेट त्यांच्या कानाला तोंड लावावं लागे. मुलीचं लग्न, छपराची गळती, संपलेली डाळ, सगळा संसार असा काकांच्या उजव्या कानातून झाला. काकूंच्या केसांवर पीठ बसे. काका ते फुंकरीने उडवत, आणि रांगेतले आम्ही उगाच पंख्याकडे बघत असू.

मग सूर्याने घात केला. छपराछपरावर काळ्या काचा चढल्या. माळावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. नाव चक्की आणि दळत काही नाही, हा काकांचा त्यांच्यावर वेगळाच राग. दुपारी वीज इतकी होऊ लागली, की ठेवू कुठे नि देऊ कुणाला. वीज कंपनीने दुपारचा दर पार खाली आणला. पण दिवस मावळला की काचा झोपणार आणि नेमक्या तेव्हाच घरोघरच्या विजेच्या शेगड्या जाग्या होणार, म्हणून संध्याकाळचा दर चढा. गिरणी दुपारवर गेली. दळण स्वस्त झालं, गिऱ्हाइकं खूश. काकू मात्र दुपारी टपालाच्या खिडकीत.

"काका, संध्याकाळ मोकळी. मजा आहे तुमची," मी एकदा म्हणालो.

"मजा कसली डोंबलाची. ती आत, मी बाहेर. जेवायला वाढलंय, हेसुद्धा स्वयंपाकघरातूनच सांगते. आता सगळं लांबूनच ऐकू येतं ना."

"मग तुम्ही जा की जवळ."

"जवळ जाऊन तोंड उघडलं की ती दचकते."

"आम्हीही दचकतो," समोरून शिंपी म्हणाला.

एका संध्याकाळी काकांनी नुसतीच मोटर लावायला बटणावर हात ठेवला आणि मागे घेतला. दाण्याशिवाय जातं फिरवलं तर दगड दगडाला खातो. आणि महागाच्या वेळी दाणे घेऊन येणार कोण?

परवा दिवेलागणीला मी गिरणीच्या पायरीवर टेकलो होतो. काकू कामावरून आल्या. घरात गेल्या नाहीत. पर्स खिळ्याला अडकवली आणि पिशवीतून गव्हाची पुडी काढली.

"अहो, एवढं दळून द्या."

"अगं, घरात पिठाचा डबा भरलेला आहे."

"असू दे."

"या वेळी विजेचा भाव ठाऊक आहे का तुला?"

"बिल मीच भरते. गिऱ्हाईक दारात उभं आहे, दळायचं की नाही तेवढं सांगा."

काकांनी बटण दाबलं. घरघर सुरू झाली, पट्टा सळसळला. काकू तराजूपाशी बसल्या, मग उठल्या आणि काकांच्या उजव्या कानाशी वाकल्या. काय म्हणाल्या ते त्या आवाजात आम्हाला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

काकांचं उत्तर मात्र गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

"मलाही."

शिंप्याचं मशीन थांबलं. त्या दिवशी त्याने सल्ला दिला नाही.