औरंगपुऱ्यातून आणलेला हात

बिडकीनला माहेरी कडबा कुट्टीच्या यंत्रात माझा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा मुलगी पहिलीत होती. लिहायला, स्वयंपाक करायला मी डाव्या हाताला शिकवलं. वेणी मात्र एका हातानं होत नाही. नवऱ्यानं घातलेली वेणी शाळेच्या फाटकापर्यंतही टिकायची नाही, आणि मग सगळ्या पोरी तिला विचारायच्या, तुझ्या आईला काय झालंय? ते मला सहन होत नव्हतं. तिची वेणी मलाच घालायची होती, मग बाकी काही का होईना.

इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका मॅडमनी मला प्लॅस्टिकचा, थ्री-डी यंत्रावर छापलेला हात दाखवला. त्याचा आराखडा इंटरनेटवर खुला होता, कुणीही बनवावा, हवा तसा बदलावा. खांदा पुढं केला की दोरी ताणली जायची आणि बोटं मिटायची. मला तो जत्रेतल्या खेळण्यासारखा वाटला, आणि मी तसं तोंडावर सांगितलंही. मला कातडीच्या रंगाचा, नखं असलेला हात हवा होता. तसा मी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून आणला, परदेशी बनावटीचा, विजेवरचा, कुणीतरी वापरलेला. माझी हौस दांडगी.

पहिल्याच आठवड्यात वेणी जमली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

मग एक गोष्ट लक्षात आली. जेवण झाल्यावर हात मांडीवर सैल ठेवला की त्याची बोटं ओंजळीसारखी वळायची आणि अंगठा तळव्यावर फिरायला लागायचा. थोडं घासायचा, थांबायचा, पुन्हा घासायचा.

"लई जुना शौकीन दिसतोय," नवरा म्हणाला. "चुना दे त्याला."

आमच्याकडं तळहातावर अंगठा फिरताना दिसला की तंबाखूशिवाय दुसरं काही सुचतच नाही. मीही हसले. पण कुणा परक्या बाप्याचा हात आपण अंगावर वागवतोय, याची मनातून किळस यायची.

करमाडहून सासूबाई आल्या होत्या, तेव्हा दुपारच्या जेवणानंतर त्यांनी ते पाहिलं. बराच वेळ बघत राहिल्या. "तंबाखू नाय ही," म्हणाल्या आणि देवघरातून कापूस घेऊन आल्या. चिमूटभर पिंजून त्यांनी त्या तळव्यावर ठेवला. अंगठा दोनदा फिरला आणि वात तयार झाली, बारीक आणि सारखी. सासूबाईंनी ती उचलली, पण समईत घातली नाही.

"बाई हाय ही," त्या म्हणाल्या. "आन् लई वर्सं वळल्यात हिनं."

मला भीती वाटली. थोडी लाजही वाटली, कारण तिच्याबद्दल मी मनात काय काय आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, आधीच्या माणसानं शिकवलेल्या हालचाली आत साठून राहतात. त्या पुसायच्या तर कंपनीचं कुलूप उघडावं लागतं, आणि त्या कुलपाचं पेटंट आहे. कंपनी बुडाली, पेटंट दुसऱ्या कुणीतरी विकत घेतलं, ते उत्तरच देत नाहीत.

"म्हणजे हात माझा नाही?"

"वरून तुमचाच हाय ना, ताई. अंदरचं नाय."

तिथंच थांबायला हवं होतं. पण वेणी जमत होती.

सोमवारी सकाळी शाळेची रिक्षा दारात आली होती. मी तिसरा पेड धरला आणि अंगठा फिरू लागला. केस वळत गेले, पीळ चढत चढत मानेपाशी आला. बटण दाबलं तरी हात थांबेना. पोरगी रडली नाही. मान मागं ओढली जात असताना ती आरशातून माझ्याकडं बघत होती. शेवटी मी डाव्या हातानं कात्री चालवली. बॅटरी काढून मूठ उघडली, तर आत केसांची वात होती.

मॅडमकडं जाऊन मी माफी मागितली. पोरीचे केस पुन्हा वाढेपर्यंत त्यांनी वेणी धरता यावी म्हणून दोरीच्या हाताचा अंगठा थोडा तिरका केला आणि बदललेला आराखडा पुन्हा सगळ्यांसाठी खुला ठेवला. तो हात नुसता पेड धरतो, बाकी सगळं डावा करतो. वेणी जरा वाकडी होते, पण शाळा सुटेपर्यंत टिकते. मुलीनं त्या हातावर फुलं रंगवलीत. त्याला ती भीत नाही.

परवा जेवण झाल्यावर मी भिंतीला टेकून बसले होते. ती जवळ आली आणि तिनं माझा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आई," ती हळूच म्हणाली, "आता ह्याचा अंगठा फिरतोय."