सहा पानांचं टिपण आणि काच

ते सहा पानी टिपण लिहायला सरांना चार दिवस लागले होते. त्याच्यावर चिडायला मात्र पुढची एकोणीस वर्षंही पुरली नव्हती.

सर सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही. एक टेबल, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि टोक केलेल्या पेन्सिली. काच बाहेरून दगडासारखी कडक, मग आतून पाण्यासारखी विस्कटलेली का, हा त्यांचा जन्माचा प्रश्न. त्यावर अकरा वर्षं खपून त्यांनी चौऱ्याऐंशी पानांचा निबंध छापला. पुढच्या संशोधकांनी आपल्या निबंधात त्याचा हवाला द्यावा, ही या धंद्यातली पावती. काचेला हवाले मिळाले सात. चार सरांनीच दिलेले, दोन विद्यार्थ्यांनी, सातवा बहुधा चुकून.

काचेचं गणित करताना मध्येच एक बेरीज अडली होती. न संपणारी, गोगलगायीच्या चालीनं उत्तराकडे सरकणारी. ती झटपट उरकायची युक्ती सरांनी शोधली आणि सहा पानांत छापून टाकली. तिला हवाले चारशे बारा. नाकापेक्षा मोती जड.

प्राध्यापकपदाच्या अर्जात ‘सर्वोत्तम शोधनिबंध, एकच’ असा रकाना असे. सरांनी तिथे दोनदा काच लिहिली आणि दोनदा हात हलवत परत आले. ही तिसरी, नियमानं शेवटची खेप.

बायकोचं औषधाचं दुकान. ती म्हणाली, “अहो, खोकल्याचं औषध खपतं, म्हणून मी ते पुढच्या फळीवर ठेवते. मला कुठलं आवडतं, ते कोण विचारतंय?”

“हा आवडीचा प्रश्न नाही.”

“मग कसला आहे?”

सर पेन्सिलीला टोक करू लागले. पद तर हवंच होतं. पण काचेच्या जोरावर.

शेवटच्या दिवशी दुपारी ते अर्ज घेऊन कचेरीत गेले. हेडक्लार्क बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“पुन्हा काच? सर, हात दाखवून अवलक्षण कशाला?” त्यांनी टिपणाच्या चारशे बारा हवाल्यांची यादी आधीच छापून ठेवली होती. “यातले स्वतःचे हवाले लाल पेनानं खोडा, सही करा. पाचला खिडकी बंद.”

सरांनी ही यादी कधी वाचलीच नव्हती. लाउडस्पीकरचे पडदे. भट्टीच्या भिंती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या पेटीतली ऊब. उभ्याउभ्या वाचणारे सर खुर्चीत बसले.

“हे लोक खरंच वापरतात की हो!”

“नाहीतर काय, तुमचं मन राखायला लिहितात?”

अडतिसाव्या ओळीवर पेन थांबलं. तिथे सरांचाच काचेचा निबंध होता.

“खोडा की. एकच तर आहे.”

“बाई, ज्याच्यासाठी युक्ती काढली तो हा. नेमका हाच खोडायचा?”

“नियम आहे.” बाईंनी अर्जाचं पान उलटलं. “पण हे बघा. ‘संशोधनाची पार्श्वभूमी, शंभर शब्द.’ हा रकाना सगळे कोराच सोडतात.”

सरांनी अडतिसावी ओळ खोडली, सर्वोत्तमच्या रकान्यात काचेच्या जागी टिपण लिहिलं आणि पार्श्वभूमीत काचेवर अठ्ठ्याण्णव शब्द.

मुलाखतीला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी टिपणाला हातही लावला नाही. “हे काचेचं काय प्रकरण आहे?” त्यांनी विचारलं. पाऊण तास दोघं हमरीतुमरीवर. अध्यक्षांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

“मला पटत नाही,” तज्ज्ञ शेवटी म्हणाले.

“एकतिसावं पान वाचा, मग बोला.”

महिन्याभरानं प्राध्यापकपदाचं पत्र आलं. त्यात लाउडस्पीकर होते, भट्ट्या होत्या. काचेचं नाव नव्हतं.

वर्षअखेरीस काचेला आठवा हवाला मिळाला. सरांनी दुकानात जाऊन फोन बायकोपुढे धरला.

“त्या तज्ज्ञांचा निबंध. माझं एकतिसावं पान साफ चूक आहे म्हणतात.”

“म्हणजे वाचलंय ना?” ती गोळ्यांची पाकिटं लावता लावता म्हणाली.

“एकतीस पानं तरी.”

“मग गिऱ्हाईक आहे. उत्तर द्या त्याला.”

पण सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी औषधाचं एक रिकामं खोकं उलगडून त्याची कोरी बाजू पेन्सिलीनं भरायला घेतली होती.