शेजाऱ्याच्या बंदुकीला सायलेन्सर

एक प्रश्न विचारते, सरळ उत्तर द्या. तुमच्या शेजारी रोज संध्याकाळी बंदूक चालते आणि तिचा आवाज दाबणारी वस्तू बाजारात मिळते असं तुम्हाला कळलं. तर तुम्ही ती वस्तू शोधत फिराल, की कुंपणापाशी जाऊन शेजाऱ्याला म्हणाल, "थांबवा हे"?

हसू नका. आमच्या घरातली माणसं शिकलेली होती, चळवळीतली होती, आणि ती वस्तू शोधत फिरली.

आम्ही परदेशात, शहराबाहेरच्या केलीव्हिलला राहायला गेलो तेव्हा तिथे माणसांपेक्षा कोंबड्या जास्त होत्या. बाबा जवळच वेस्टमीडला लॅबमध्ये कामाला होते. त्यांना मोकळी जागा हवी होती, म्हणून त्यांनी जमिनीच्या एका तुकड्यावरचं जुनं फायब्रोचं, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांचं घर घेतलं. मागे संत्र्याची झाडं, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी आणि तारेच्या कुंपणापलीकडे एका म्हाताऱ्या गोऱ्या माणसाचं पोल्ट्री फार्म. आपसांत आम्ही त्याला कोंबडीवाले काका म्हणायचो. समोर आला की बाबा त्याला "मेट" म्हणत, म्हणजे दोस्त, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच लाजत.

मुंबईहून आलेल्या सामानात सगळ्यात जड ट्रंक पत्रकांची होती. आईबाबांची ओळखच मुळी भिंतींवर पत्रकं चिकटवताना झाली. महागाई, हुंडा, गिरणीकामगारांचा पगार, अणुबाँब, कशावरही पत्रक काढायचं आणि दारोदार वाटायचं. माझं मराठी त्या ट्रंकेतून आलं. इतर मुलं राजाराणीच्या गोष्टी वाचून मोठी झाली, मी "बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस गप्प बसणार?" हे वाचून मोठी झाले. अजूनही ते वाक्य वाचलं की माझी पाठ ताठ होते.

मग मामा आला. आईचा धाकटा भाऊ. तो फौजेत होता आणि लढाईवरून धडधाकट परतला असं सगळे म्हणत, कारण त्याचे हातपाय जागेवर होते. आजी गेल्यावर तिकडे त्याचं कुणी उरलं नाही. आईने हट्टाने त्याला बोलावून घेतलं. त्याने आता इथेच राहावं, आपल्या डोळ्यांसमोर, एवढीच तिची इच्छा होती. त्या वर्षी घरात दुसरा विषय नव्हता.

मामा आला तो थंडीत. त्याने मागची जमीन खणून वाफे केले, मेथी आणि कोथिंबीर लावली. मला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकवलं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि उगाचच भांडी पुन्हा पुन्हा विसळायची, खिडकीपाशी उभं राहता यावं म्हणून.

सप्टेंबरात इथला वसंत सुरू झाला आणि ससे बाहेर पडले. कोंबडीवाले काका संध्याकाळी बंदूक घेऊन कुंपणाच्या कडेने फिरू लागले. बावीसची, म्हणजे बारीक गोळीची रायफल. आवाज तसा मोठा नव्हे. वाळकी काटकी मोडावी तसा, पण हवा चिरत लांब जाणारा. पहिल्या आवाजाला मामा मेथीच्या वाफ्यात आडवा पडला. मला वाटलं गंमत करतोय. मी हसले. तो उठला, अंगावरची माती झटकली आणि घरात जाऊन न्हाणीघराचं दार लावून बसला. काळोख पडेपर्यंत बाहेर आला नाही.

"ताई, मी ठीक आहे," तो आतून म्हणत होता. "तुम्ही जेवून घ्या."

त्यानंतर ऊन कलायला लागलं की तो घड्याळाकडे बघायचा.

"त्यांना सांगू या ना," मी म्हटलं.

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "माझा भाऊ बंदुकीला घाबरतो? उद्या गल्लीभर होईल. त्याला इथे राहायचंय अजून."

"आणि जमीन त्यांची, ससे त्यांचे," बाबा म्हणाले. "आपण काल आलोय."

मग आईने आपल्याकडची रीत धरली. दिवाळी होती. स्टीलच्या डब्यात चकल्या आणि बेसनाचे लाडू भरून ती कुंपणापाशी गेली. आधी ओळख वाढवू, मग हळूच विषय काढू, असा तिचा बेत. डबा दिला, हवेबद्दल बोलली, कोंबड्यांची चौकशी केली आणि परत आली.

"सांगितलंस?" मी विचारलं.

"पहिल्याच भेटीत कसं सांगणार गं? काहीतरीच तुझं!"

चार दिवसांनी काका डबा परत घेऊन आले. घासूनपुसून लख्ख, रिकामा. बाबांना चेष्टा सुचली. "आमच्यात डबा रिकामा परत देत नाहीत हं, मेट!"

बाबा हसले. काका हसले नाहीत. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "असं होय," ते म्हणाले. "मला ठाऊक नव्हतं. सॉरी, मेट."

पुढच्या वेळी डब्यात अंडी आली. आईने शंकरपाळे पाठवले आणि बाबा संकोचाने म्हणाले, अंडी कशाला, आमच्याकडे आहेत भरपूर. त्यावरून काकांनी बहुधा असा अर्थ काढला की इतक्या खटपटीच्या पदार्थांपुढे अंडी फारच किरकोळ झाली. त्यानंतरच्या डब्यात सोलून, साफ करून, मिठाच्या पाण्यात ठेवलेला ससा होता.

आई झाकण हातात धरून उभी राहिली. टाकून द्यायचा तर कचऱ्याचा डबा कुंपणालगत, काकांना दिसला असता. आमच्याकडे रविवारी मटण व्हायचं. तिने खोबरं भाजलं, वाटण केलं आणि रस्सा केला. आणि रीतच ती, अर्धा रस्सा त्याच डब्यात भरून पलीकडे दिला.

दुसऱ्या दिवशी काका, आईला इथल्या रीतीने लव म्हणत, कुंपणावरून ओरडले, "वा, लव! तोंडाची आग झाली नुसती, पण काय चव! आणखी आणतो, नो वरीज!"

त्या संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त आवाज झाले.

त्याच रश्श्यात मामाच्या दाताखाली काहीतरी आलं. त्याने ते बोटांवर घेतलं, शिशाचा चपटा तुकडा, मसुराएवढा, आणि ताटाच्या कडेला ठेवला. "रस्सा छान झालाय, ताई," तो म्हणाला. पण मग तो जेवला नाही.

बाबांना सायलेन्सर सुचला तो त्यानंतर. आवाज कमी झाला तर कोंबड्या बिचकणार नाहीत, असं सांगून तो काकांना भेट द्यायचा. मामाचं नाव निघायला नको, वाईटपणा नको.

"सायलेन्सर? स्कूटरला असतो तो?" आईने विचारलं.

"तशातलाच. नळीच्या तोंडावर बसतो."

"आणि या घरात तो आणणार कोण? ज्यांनी शस्त्रबंदीवर पत्रक लिहिलं ते?"

"ते अणुबाँबवर होतं गं!"

निवड करायची तर आधी बंदूक बघायला हवी. बाबा पलीकडे गेले आणि कौतुकाने म्हणाले, छान आहे तुमची रायफल. काका खूश झाले. त्यांनी ती उघडून दाखवली, काडतूस दाखवलं. याच्या बुडाच्या कडेवर ठोका बसतो म्हणून हिला रिमफायर म्हणतात, हेही समजावलं. आणि मग पाहुण्याचा मान म्हणून पत्र्याच्या डब्यांवर नेम धरून ती चालवून दाखवली. भरपूर वेळ. मी घरात होते. मामा टेबलाखाली होता आणि मी त्याच्याजवळ जमिनीवर बसून होते. ट्रंकेतल्या एकाही पत्रकात अशा वेळी काय बोलायचं ते लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाबा बंदुकीच्या दुकानात गेले. मीही गेले, भांडायला. काउंटरमागचा माणूस चांगला होता. त्याने चहाचा मग बाजूला ठेवून एक परदेशी मासिक काढलं. समुद्रापलीकडे न्यूझीलंडला हे खुशाल मिळतात, म्हणाला. पानभर चित्रं. आखूड, लांब, पोलादी, ॲल्युमिनियमचे. बाबांनी खिशातली पेन्सिल काढली. म्हाताऱ्याचा खांदा दुखतो, तेव्हा हलका हवा. रिमफायरच्या गोळ्या साध्या शिशाच्या, आत काजळी आणि शिसं साचतं, तेव्हा उघडून साफ करता येईल असा हवा. लॅबसाठी एखादं यंत्र मागवावं तशी त्यांची निवड चालली होती. एका चित्राभोवती त्यांनी गोलसुद्धा केला.

"हा चांगला आहे," दुकानदार म्हणाला. "पण त्या जुन्या नळीला आटे असतील तर बसणार. शिवाय नेहमीची गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जाते, तिचा स्वतःचा फटकारा असतो. तो याने जात नाही. तिला हळू जाणारी काडतुसं लागतात."

"मग तीही द्या."

"तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"नाही."

"मग शेजाऱ्याला पाठवा. आणि हा सायलेन्सर, मेट, या राज्यात असा कुणाला मिळत नाही. परवानगी लागते, आणि सशांसाठी कुणी देणार नाही. ससे मारण्यावर तक्रार आहे का कुणाची? मग त्यांना सांगा ना, दुसरीकडे मारा म्हणून."

बाबांनी पेन्सिल खिशात ठेवली. "थँक यू," म्हणाले.

गाडीत मी तोंड सोडलं. "मिळाला असता तर बसवला असता तुम्ही? मारणं चालू राहू दे, फक्त आपल्याला ऐकू येऊ नये, हेच ना? सरकारला पानंच्या पानं लिहिता आणि कुंपणावरून एक वाक्य बोलता येत नाही तुम्हाला!"

बाबा समोर बघत गाडी चालवत होते. तसेच म्हणाले, "सरकार शेजारी राहत नाही गं."

घरी मामाने सगळं ऐकून घेतलं. त्याला आधीपासूनच माहीत होतं, पातळ भिंतींच्या घरात काय लपतं? तो वाफ्यातलं तण उपटत होता. तसाच, मान वर न करता म्हणाला, "भाऊजी, बरं झालं नाही मिळाला ते. आवाज आला की कळतं, ही गोळी गेली, आपल्याला नाही लागली. आवाजच नसेल तर मी दिवसभर वाट बघत बसेन. मला त्रास मधल्या वेळाचा होतो."

बाबांनी निवडलेला, हलका, साफ करता येणारा सायलेन्सर जगात ज्या एका माणसासाठी हवा होता, त्याच्याच उपयोगाचा नव्हता. बाबा वाफ्याच्या कडेला बसले. त्यांनीही तण उपटायला घेतलं. मेथीसकट उपटत होते.

"मग मी सांगते त्यांना," आई म्हणाली. "उद्याच सांगते."

दुसऱ्या दिवशी तिने अनारसे केले. हो, डबा घेऊनच गेली. मी खिडकीतून बघत होते. ती बोलली, हात हलवले, हसली. काकाही हसले. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघूनच मला कळलं. "ते इतके खूश झाले गं," ती म्हणाली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी पुन्हा आवाज आले. डबा भरायला हवा होता ना.

मामाने परत जायचं ठरवलं तेव्हा कुणाला दोष दिला नाही. पुण्याला एका जुन्या सोबत्याकडे खोली आहे, म्हणाला. मेथीला पाणी कसं घालायचं ते मला दाखवलं. विमानतळावर आईने त्याचा शर्ट मुठीत धरला होता, लहान मुलाचा धरावा तसा, आणि तो म्हणत होता, "ताई, सोड, लोक बघतायत."

त्याच आठवड्यात काका डबा घेऊन दारात आले. "तुझा भाऊ दिसत नाही, लव? त्याच्यासाठी चांगला जाड आणलाय."

आईने डबा घेतला नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा तिला इतकं थोडं बोलताना ऐकलं. तो परत गेला. तो सैनिक होता. तुमच्या बंदुकीचा आवाज त्याला सहन होत नव्हता.

काका दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पण कुणी बोललं का नाहीत?" त्यांनी विचारलं. "ससे मला कुठे खायचेत? पिंजरे लावले असते. मी तर तुमच्या डब्यासाठी..." त्यांनी डबा पायरीवर ठेवला आणि कुंपणाकडे चालू लागले.

त्यानंतर बंदूक वाजली नाही. संध्याकाळी इतकं शांत असायचं की कोंबड्यांची कुजबुज ऐकू यायची. आई खिडकीपाशी उभी राहायची आणि म्हणायची, "आता कशाला ही शांतता." फोनवर तिने मामाला सांगितलं, सगळं थांबलंय, ये. तो म्हणाला, बघू. गेली काही वर्षं तो बघूच म्हणतोय. आता मी युनिव्हर्सिटीत आहे, स्वतःची पत्रकं काढते. मेथीच्या जागी गवत आहे.

म्हणून हे वाचून झालं की एक करा. तुमच्याही शेजारी कुणीतरी असेल ज्याला एक वाक्य सांगायचं राहिलंय. आज जा. डबा घरी ठेवा, हात रिकामे असू द्या. दार उघडलं की हवेबद्दल बोलू नका, ते वाक्य आधी बोला.